घाबरणाऱ्याने रेस्क्यू कोर्स करावा का?

प्रश्न : मालवणला सुट्टीत सहज म्हणून स्कुबा केलं आणि पाण्याखालच्या त्या वीस मिनिटांनी मला वेड लावलं. पुढे अंदमानात हॅवलॉकला जाऊन ओपन वॉटर आणि नंतर ॲडव्हान्स्ड असे दोन्ही कोर्स केले. दुसऱ्या कोर्सच्या वेळी एका डाइव्हमध्ये मास्कमध्ये पाणी शिरलं, नाकात गेलं आणि मला एकदम धाप लागली. रेग्युलेटरमधून हवाच येत नाहीये असं वाटायला लागलं. तो तोंडातून काढून फेकावा आणि सरळ वर सुटावं एवढंच डोक्यात होतं. इन्स्ट्रक्टरने खांद्याला धरून ठेवलं, डोळ्यांत बघत राहिले, हळूहळू श्वास जागेवर आला. बोटीवर आल्यावर तेच इन्स्ट्रक्टर म्हणाले, 'पुढचा कोर्स रेस्क्यूचा करा.' मला ही थट्टाच वाटली. जिला स्वतःला वाचवावं लागलं ती दुसऱ्याला काय वाचवणार? माझं वय ४४, वजन ५२ किलो, पोहणं बेताचं. ऐंशी-नव्वद किलोचा माणूस मी कसा ओढणार? आणि भीती ही शिकवून जाणारी गोष्ट आहे का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ती थट्टा नव्हती. तुमच्या इन्स्ट्रक्टरनी योग्य माणसाला योग्य सल्ला दिला आहे आणि तुम्ही हा कोर्स जरूर करावा असं माझंही मत आहे. रेस्क्यू म्हटलं की बुडत्याच्या दिशेने झेपावणारा दणकट माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात या प्रशिक्षणाचा पहिला आणि मोठा भाग स्वतःचा श्वास आणि स्वतःचं डोकं ताळ्यावर ठेवण्याचा आहे. एसएसआय या संस्थेच्या कोर्सचं नावच 'डायव्हर स्ट्रेस अँड रेस्क्यू' असं आहे. पाडी या दुसऱ्या संस्थेच्या रेस्क्यू डायव्हर कोर्सचीही सुरुवात स्वतःला कसं सावरायचं इथूनच होते. ज्याला पाण्याखाली जीव घाबरा होणं म्हणजे काय हे अनुभवाने ठाऊक आहे, तो या वर्गात इतरांच्या एक पाऊल पुढे असतो.

आधी त्या दिवशी तुमच्या शरीरात काय झालं ते समजून घ्या, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

तुम्हाला हवा कमी पडत होती असं वाटलं. टाकीत हवा होती, रेग्युलेटरही नीट चालत होता. मग गुदमरल्यासारखं का झालं? आपण श्वास सोडतो तेव्हा सगळी हवा बाहेर जात नाही. घसा, श्वासनलिका आणि तिचे मोठे फाटे यांत साधारण दीडशे मिलिलिटर वापरलेली हवा उरते आणि पुढच्या श्वासाबरोबर तीच आधी फुप्फुसात परत जाते. तोंडात रेग्युलेटर असला की त्यात थोडी भर पडते. शांत माणूस एका श्वासात पाचशेच्या आसपास मिलिलिटर हवा घेतो, म्हणून त्या शिळ्या हवेचं काही वाटत नाही. घाबरलेला माणूस मात्र छातीच्या वरच्या भागात, भराभर, उथळ श्वास घेतो. श्वास अडीचशे-तीनशे मिलिलिटरवर आला की निम्मी हवा शिळीच. रक्तातला कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि 'गुदमरतोयस' हा इशारा मेंदूला हाच वायू देतो. खोल पाण्यात हवा दाट झालेली असते, ती आत-बाहेर ढकलायलाही जास्त कष्ट पडतात. म्हणजे माणूस जितक्या भराभर श्वास घेतो तितका अधिक गुदमरतो, आणि गुदमरल्यासारखं वाटलं की आणखी भराभर घेतो. या फेऱ्यात सापडलेल्याला तोंडातला रेग्युलेटर हाच वैरी वाटायला लागतो. टाकीत पुरेशी हवा शिल्लक असताना रेग्युलेटर थुंकून टाकणारे डायव्हर असतात, ते यामुळे. तुमच्या मनात आलेला विचार वेडेपणाचा नव्हता, भित्रेपणाचाही नव्हता. ते कार्बन डायऑक्साइडचं काम होतं.

यावर उपाय एकच आणि तो सांगायला सोपा आहे : आधी श्वास सोडा. घेण्याची घाई करू नका. हातपाय थांबवा, काहीतरी स्थिर धरा, बडीचा, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराचा, हात किंवा अँकरचा दोर, आणि लांब, संथ, शेवटपर्यंत श्वास बाहेर सोडा. आत यायचा तो आपोआप पुरेसा येतो. असे तीन-चार श्वास झाले की गुदमरणं ओसरायला लागतं आणि मग मास्कचं पाणी काढायचं सुचतं : वरची कड कपाळाशी दाबून नाकाने फुंकर. डायव्हिंग शिकवणारे सगळे 'थांबा, श्वास घ्या, विचार करा, मग हात हलवा' हा क्रम शिकवतात. त्यातला पहिला शब्दच सर्वांत अवघड आहे, कारण घाबरलेल्या शरीराला थांबायचंच नसतं. म्हणूनच तो क्रम पुस्तकात वाचून येत नाही, पाण्यात पुन्हापुन्हा करूनच अंगवळणी पडतो.

इथे एक गोष्ट बजावून सांगते, कारण आपल्याकडे प्राणायाम करणारे पुष्कळ आहेत. संथ रेचकाची सवय पाण्याखाली खूप कामाला येते, पण कुंभक पूर्ण वर्ज्य. श्वास कधीही, एक क्षणही रोखून धरायचा नाही. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीभर घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. घसा बंद असेल तर ती फुप्फुस फाडून रक्तात शिरते आणि तिचा बुडबुडा मेंदूपर्यंत जाऊ शकतो. यासाठी खोल समुद्रही लागत नाही. फुप्फुसं गच्च भरून श्वास रोखला असेल तर जेमतेम सव्वा-दीड मीटर वर येणंही पुरतं, म्हणजे पोहण्याच्या तलावातसुद्धा हा धोका आहे. हवा वाचवायची म्हणून दोन श्वासांमध्ये मुद्दाम थांबणारे हौशी डायव्हर मी पाहते. त्यांनीही हे सोडावं, कारण त्यानेही कार्बन डायऑक्साइडच साठतो.

घाबरण्याची किंमत हवेतही मोजावी लागते. आपल्याकडच्या बोटींवर सहसा ॲल्युमिनियमची टाकी असते. ती २०० बारपर्यंत भरली की तिच्यात साधारण २,२०० लिटर हवा बसते. शांतपणे पोहणारा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला वीस लिटर हवा घेतो असं धरा. वीस मीटरवर दाब तिप्पट, म्हणून खर्चही तिप्पट, मिनिटाला साठ लिटर. टाकी रिकामी व्हायला ३६ मिनिटं लागतील. तोच माणूस घाबरून तिप्पट वेगाने श्वास घेऊ लागला तर तीच टाकी १२ मिनिटांत संपते. म्हणून प्रेशर गेज बघणं हेही रेस्क्यूचंच काम आहे, आणि आपल्याबरोबर बडीचाही काटा बघायचा. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही अमेरिकेतली संस्था १९८० पासून डायव्हरांच्या सुरक्षिततेसाठी काम करते आहे. तिथल्या संशोधकांनी १९९२ ते २००३ या काळातल्या ९४७ मृत्यूंचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. सुरुवात कशाने झाली हे जिथे कळू शकलं, त्या घटनांपैकी ४१ टक्क्यांत ती हवा अपुरी पडण्याने झाली होती. कुठेतरी अडकून पडणं २० टक्के, उपकरणाची अडचण १५ टक्के. आणि साध्या अडचणीचं रूपांतर जीवघेण्या प्रसंगात कशाने झालं, तर निम्म्याहून अधिक वेळा घाईने वर सुटण्याने. शार्क, जेलीफिश आणि ज्यांची आपण चर्चा करतो ते बाकीचे भयप्रद प्राणी या यादीत जवळजवळ नाहीतच.

या आकड्यांतून मी एवढंच घेते की पाण्याखालचा अपघात आभाळातून कोसळत नाही. तो एकेक कडी जोडत येतो, आणि पहिल्या कड्या बहुधा बोटीवरच जुळलेल्या असतात. रात्रीचं जागरण, लाटांनी मळमळणारं पोट, भाड्याचा सैल मास्क, गरजेपेक्षा जास्त शिसं बांधलेला वेट बेल्ट, पुढे गेलेला ग्रुप, आणि मनात 'एवढे पैसे भरलेत, आता नाही कसं म्हणायचं?' यातली एकेक गोष्ट किरकोळ असते. चार एकत्र आल्या की मास्कमध्ये गेलेलं चमचाभर पाणीही पुरतं. तुम्ही तुमच्या त्या डाइव्हच्या आधीचा तास आठवून बघा. नाकात गेलेल्या पाण्याच्या आधी आणखी दोन-तीन गोष्टी तुम्हाला सापडतील.

रेस्क्यू कोर्स नजर तयार करतो ती इथे. बोटीवर एरवी बडबड करणारा माणूस गप्प झाला आहे. कोणी तीच बकल तिसऱ्यांदा तपासतं आहे. कोणी उगाच जोरात हसतं आहे. कोणी ब्रीफिंग ऐकूनही 'किती खोल जायचं?' असं पुन्हा विचारतं आहे. पाण्याखाली डोळे मोठे झालेत, बुडबुडे एकसारखे आणि दाट निघताहेत, पाय सायकल चालवल्यासारखे हलताहेत, 'ओके?' या खुणेला उत्तर उशिरा येतंय किंवा येतच नाही. हे दिसलं की जवळ जायचं, समोर यायचं, तळहात सावकाश वर-खाली करून 'संथ श्वास' अशी खूण करायची, हात धरायचा. तुमच्या इन्स्ट्रक्टरनी नेमकं हेच केलं. त्यांनी तुम्हाला वाचवलं तेव्हा कुणालाही काही घडल्यासारखं दिसलं नसेल. माझ्या मते उत्तम रेस्क्यू असाच असतो, घटना घडायच्या आधी संपलेला. तो करायला ऐंशी किलो वजन लागत नाही.

आणि बोटीवरच एखाद्याला 'आज नको वाटतंय' असं म्हणता येईल असं वातावरण ठेवणं हा त्याहूनही आधीचा रेस्क्यू. गुहांमध्ये डायव्हिंग करणाऱ्यांचा एक जुना नियम आहे : कोणीही, कधीही, कोणत्याही कारणासाठी डाइव्ह रद्द करू शकतो, आणि त्याला कारण विचारायचं नाही. आपल्याकडच्या प्रत्येक बोटीवर हा नियम मोठ्याने सांगितला जावा असं मला मनापासून वाटतं. ग्रुपमध्ये भिडेखातर पाण्यात उतरणारी माणसं आपल्याकडे फार आहेत.

आता तुमचा वजनाचा प्रश्न. त्यासाठी पृष्ठभागावर पॅनिक झालेला डायव्हर जवळून बघू.

तो पाण्यावर उभा असतो, आडवा नाही. मास्क कपाळावर ढकललेला, रेग्युलेटर तोंडातून सुटून लोंबकळतोय, जाकीट, म्हणजे बीसीडी, रिकामं. हनुवटी आभाळाकडे. दोन्ही हातांनी तो पाणी खाली दाबतोय आणि त्या झटापटीत छातीपर्यंत वर येऊन पुन्हा गटांगळी खातोय. तुम्ही हाक मारता तेव्हा डोळे तुमच्याकडे वळतात, पण त्यांत ओळख नसते. या क्षणी तुम्ही हाताच्या टप्प्यात गेलात तर तो तुमच्या खांद्यावर चढेल. त्याला वर यायचं आहे आणि तिथे चढण्यासारखी वस्तू एकच आहे : तुम्ही.

म्हणून शिकवण अशी. बोटीवरून भागत असेल तर पाण्यात जायचंच नाही. काठी पुढे करा, लाइफ रिंग किंवा दोर फेका, बोट जवळ न्या. पाण्यात जावंच लागलं तर तुमचा मास्क चेहऱ्यावर, रेग्युलेटर तोंडात आणि जाकीट फुगवलेलं हवं. त्याच्यापासून दोन हात लांब थांबा, फिन्स त्याच्याकडे करून, म्हणजे मागे सरकता येईल. रेग्युलेटर क्षणभर काढून मोठ्याने, मोजक्या शब्दांत सांगा : 'जाकीट फुगवा! बेल्ट सोडा!' मालवणीत, हिंदीत, त्याला समजेल त्या भाषेत. पुष्कळ जण एवढ्यानेच सावरतात, कारण करायला एक ठरावीक काम मिळालेलं असतं. तरंगणारं काही असेल तर ते पुढे ढकला, तो ते धरेल. काहीच नसेल तर वळसा घालून किंवा पाण्याखालून त्याच्या मागे जा, टाकीचा व्हॉल्व्ह पकडा, टाकी दोन्ही गुडघ्यांमध्ये घट्ट दाबा. आता तो तुमच्याकडे वळू शकत नाही. त्याच्या खांद्यावरून हात पुढे घालून जाकीट फुगवायचं बटण दाबा आणि वेट बेल्टचं बकल सोडा. शिसं खाली गेलं आणि जाकिटात हवा भरली की कितीही वजनाचा माणूस बुचासारखा तरंगतो. तुमची ताकद इथे लागतच नाही.

आणि त्याने तुम्हाला धरलंच तर? खाली जा. तुमचं जाकीट रिकामं करा आणि बुडी मारा. रेग्युलेटर तोंडात असल्यामुळे तुम्हाला काही होणार नाही, आणि ज्याला वर यायचंय तो खाली जाणाऱ्याला धरून ठेवत नाही. मिठी सुटते. ही एक चाल सरावात दोन-तीनदा करून पाहिली की लहान चणीच्या लोकांचीही भीड चेपते.

वेट बेल्टबद्दल आणखी एक गोष्ट, कारण ती जीव वाचवणारी आहे. मृत्यूंच्या तपासांत पुन्हापुन्हा दिसून आलंय की बहुतेकांच्या अंगावर वजनं तशीच होती. बकल एका हाताने उघडतं, तरी ते उघडलेलं नव्हतं. पॅनिकमध्ये माणसाला ते सुचत नाही. म्हणून प्रत्येक डाइव्हच्या आधी डोळे मिटून, चाचपून, आपलं आणि बडीचं बकल शोधायची सवय ठेवा.

पाण्याखाली कोणी बाणासारखा वर सुटला तर त्याचं जाकीट किंवा पट्टा धरायचा, अंग पसरून वेग कमी करायचा, त्याच्या जाकिटातली हवा सोडायची, आणि त्याच्या तोंडातून बुडबुडे निघताहेत ना, तो श्वास कोंडून तर नाही ना, हे बघायचं. तरीही वेग आवरत नसेल तर सोडून द्यायचं. हे निष्ठुर वाटेल, पण एकाच्या जागी दोघं जखमी झाले तर बोटीवरच्यांचं काम दुप्पट होतं.

सराईत लोकसुद्धा पॅनिकला किती वचकून असतात याचं एक उदाहरण तुम्हाला आठवत असेल. थायलंडमधल्या थाम लुआंग गुहेत २३ जून २०१८ रोजी बारा मुलं आणि त्यांचा फुटबॉल प्रशिक्षक पुरामुळे अडकले. २ जुलैला ब्रिटिश गुहा-डायव्हर रिक स्टँटन आणि जॉन व्होलान्थन यांना ती मुलं जिवंत सापडली. पण त्यांना बाहेर काढायचं तर गढूळ पाण्याने भरलेल्या अरुंद बोळांतून न्यायला हवं होतं, आणि त्यांतल्या कुणी कधी स्कुबा केलेलं नव्हतं. जगातले उत्तम डायव्हर हाताशी असूनही त्यांना सर्वांत मोठा धोका वाटला तो पाण्याखाली एखादं मूल बिथरण्याचा. ते स्वतःही गेलं असतं आणि नेणाराही. शेवटी रिचर्ड हॅरिस या ऑस्ट्रेलियन भूलतज्ज्ञ डायव्हरने मुलांना भूल दिली आणि पूर्ण चेहरा झाकणारे मास्क लावून ८ ते १० जुलै या तीन दिवसांत तेराही जणांना बाहेर काढण्यात आलं. त्याआधी, ६ जुलैला, आत हवेच्या टाक्या ठेवून परतताना थाई नौदलाचे माजी डायव्हर समन गुनान यांचा मृत्यू झाला होता. पॅनिक झालेल्या माणसाला पाण्याखाली समजावता येत नाही, हे ज्यांना सर्वांत चांगलं कळतं त्यांनी मुलांना झोपवून न्यायचं ठरवलं. तुमच्या-माझ्यासारख्यांकडे भूल नसते, म्हणून आपल्याला त्या टोकापर्यंत प्रकरण जाऊच द्यायचं नसतं.

बेशुद्ध डायव्हरचं काम वेगळं. तो झोंबत नाही, पण वेळ थोडा असतो. रेग्युलेटर तोंडात असेल तर तिथेच दाबून धरायचा, नसेल तर बसवण्यात वेळ दवडायचा नाही, आणि त्याला घेऊन नेहमीच्या सावकाश वेगाने वर यायचं. पृष्ठभागावर चेहरा वर, जाकिटात हवा, वजनं सोडलेली, मोठ्याने मदतीची हाक. मास्क आणि रेग्युलेटर काढून श्वास चालू आहे का पाहायचं. नसेल तर दोन श्वास तोंडाने द्यायचे आणि मग बोटीकडे ओढत नेताना दर पाच सेकंदांना एक. हे पाच सेकंद तोंडाने मोजत, एकीकडे पाय मारत, मध्ये त्याची आणि स्वतःची टाकी सोडवत जायचं असतं. पहिल्या दिवशी कुणालाच जमत नाही. दुसऱ्या दिवशी हातांना कळायला लागतं आधी काय आणि नंतर काय. बुडालेल्याच्या बाबतीत अडचण मुळात श्वासाची असते, म्हणून नुसतं छाती दाबणं पुरत नाही, श्वासही द्यावाच लागतो. बोटीत उचलून घेणं हे मात्र एकट्याचं काम नाही. टाकी काढून, दोर बगलेखालून घालून, वरच्या दोघा-तिघांनी ओढायचं. ५२ किलोच्या बाईने खालून ढकलायचं आणि कुणी काय धरायचं ते ठणकावून सांगायचं. सूचना देणारा आवाज हाही या कोर्समध्ये तयार होतो.

हरवलेल्या डायव्हरचा शोधही शिकवतात. आपल्या किनाऱ्यावर त्याची गरज जास्त, कारण कोकणात आणि गोव्याच्या ग्रँड आयलंडला गाळामुळे कित्येकदा चार-पाच मीटरपलीकडे दिसत नाही आणि बडी हां हां म्हणता दिसेनासा होतो. नियम सोपा : जागच्या जागी फिरत एक मिनिट शोधा, नाही सापडला तर सावकाश वर या. दोघांनीही तो पाळला तर दोघं पृष्ठभागावर भेटतात.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. भीती शिकवून जाते का? पूर्ण जात नाही, आणि जाऊही नये. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात क्रीडा मानसशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या विल्यम मॉर्गन यांनी डायव्हरांची पाहणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी आपल्याला एकदा तरी पॅनिक किंवा त्याच्या अगदी जवळची अवस्था आल्याचं सांगितलं. म्हणजे बोटीवरच्या दर दोघांत एक जण तुमच्यासारखाच आहे, फक्त तो बोलत नाही. मॉर्गन यांनी असंही मांडलं की ज्यांचा स्वभावच मुळात चिंतेचा आहे त्यांना हा त्रास होण्याची शक्यता अधिक. त्यामुळे घरात, लिफ्टमध्ये, गर्दीतही तुम्हाला असे झटके येत असतील तर आधी डॉक्टरांशी बोला, कोर्स नंतर. पाण्यातल्या एका प्रसंगापुरतं असेल तर सरावाने फरक पडतो. तलावात, छातीभर पाण्यात, मास्क मुद्दाम भरून घ्या आणि तो तसाच ठेवून दोन मिनिटं रेग्युलेटरमधून श्वास घेत बसा. नाकात पाणी असताना तोंडाने श्वास चालतो, यावर शरीराचा विश्वास बसायला हवा. तुमच्या बाबतीत मी कोर्सच्याही आधी हा सराव करायला सांगेन. रेग्युलेटरमधून खोकता येतं, वेळ आली तर उलटीही करता येते, तो काढायची गरज पडत नाही.

पोहणं बेताचं आहे म्हणता, ते मात्र वाढवा. वेग महत्त्वाचा नाही, दम महत्त्वाचा. पाडीच्या कोर्सला ॲडव्हान्स्ड झालेलं पुरतं, शिवाय गेल्या दोन वर्षांत प्रथमोपचार व सीपीआरचं प्रशिक्षण घेतलेलं असणं ही अट आहे. ॲडव्हान्स्ड तुम्ही केलंच आहे, हे प्रशिक्षण कोर्सला जोडूनच घेता येतं. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं स्कुबा प्रशिक्षण केंद्र चिपळूणहून तुम्हाला जवळचं. तिथे हा कोर्स कधी घेतात याची चौकशी करा. नसेल तर हॅवलॉक आहेच. पावसाळ्यात आपला समुद्र बंद असतो, तेव्हा तलावातला सराव उरकून घ्या. वैद्यकीय प्रश्नावली खरीखुरी भरा. वर सांगितलेल्या ९४७ मृत्यूंच्या अभ्यासात, इजा निश्चित करता आली अशा घटनांपैकी २६ टक्क्यांत कारण हृदयाचं होतं. चाळिशीनंतर रक्तदाब, साखर आणि ईसीजी बघितल्याशिवाय दुसऱ्याला ओढायचा सराव करू नका.

आणि कुठल्याही बोटीवर, कोर्स असो वा सहल, निघण्याआधी एक प्रश्न विचारा : 'ऑक्सिजनची टाकी कुठे आहे आणि ती लावता कोणाला येते?' फुप्फुसाची इजा असो, दाब झपाट्याने उतरल्याने होणारा डीकम्प्रेशनचा त्रास असो की बुडता बुडता वाचलेला माणूस, पहिला उपचार शुद्ध ऑक्सिजन हाच, आणि दाबाचं चेंबर असलेलं रुग्णालय किनाऱ्यावर दर गावाला नसतं. टाकी दाखवता आली नाही तर त्या बोटीने जाऊ नका, आगाऊ भरलेले पैसे बुडाले तरी.